टाळीसारखा पडणारा गिअर

माणसानं जळावं तर शेजाऱ्यावर जळावं. भिंतीला कान लावला की काम भागतं. माझं नशीब असं की मी ज्याच्यावर जळत होतो तो अकोल्यात आणि माझं गॅरेज अमरावतीत. त्याच्यावर जळायचं म्हणजे बडनेरा, मूर्तिजापूर ओलांडून जळावं लागे. तरी वीस वर्षं मी ते नेमानं केलं, एका दिवसाचा खाडा नाही.

आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, अकोल्यातच. उस्ताद चालू गाडीच्या गिअरबॉक्सला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचे, मूठ कानाशी धरायचे आणि आत कोणता दात झिजला ते सांगायचे. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर आमच्या दोघांची लायकी सांगितली. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "इसके हाथ को कान हैं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "और तेरे हाथ को जबान है." मी घरी येऊन ते कौतुक म्हणून आईला सांगितलं. ते कौतुक नव्हतं हे कळायला मला आठ वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा राग उस्तादाचा न येता त्याचाच आला.

मी सांगतोय ती वर्षं आमच्या भागाला वाईट होती. कापसाला भाव नव्हता, नेते येऊन जात होते, आणि पॅकेज हा शब्द पोरासोरांच्या तोंडी झाला होता. माझ्या धंद्याला ते कसं कळलं सांगतो. ज्यांचे ट्रॅक्टर दर हंगामाआधी माझ्याकडे गिअरबॉक्स खोलायला यायचे, त्यांनी ते अंगणात ताडपत्रीखाली उभे करून ठेवले. हातात पाना आणि समोर काहीच नाही, अशा अवस्थेत मेकॅनिक फार वाईट दिसतो. रिकाम्या वेळात मी अकोल्याच्या बातम्या गोळा करायचो.

त्यातली सर्वात वाईट बातमी वरूडहून आली. तिथल्या एका संत्रा व्यापाऱ्याकडे ऑटोमॅटिक गाडी होती, म्हणजे क्लचचं पायडल नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी. ती चढावर घसरायला लागली, इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागेवर. माझ्या गुरुबंधूनं तिचा गिअरबॉक्स खोलला आणि असा बांधला की संत्र्याचे क्रेट भरूनही ती पळायला लागली. सांगणारा माझ्याच बाकावर बसून, माझाच चहा पिऊन सांगत होता.

"काय सांगू मिस्त्री, गिअर असा पडते का कोनी टाळी देल्यासारखा. टप!"

"म्हणजे झटका बसतो?" मी विचारलं.

"बसते ना थोडासा."

"मग ती गाडी दुरुस्त झाली का बिघडली?" मी म्हणालो आणि स्वतःच हसलो. तो हसला नाही. त्यानं चहा संपवला आणि पुन्हा एकदा हवेत टाळी देऊन निघून गेला.

त्या टाळीचा आवाज कानात असतानाच डॉक्टरीणबाई आल्या.

बाई मूळच्या अमरावतीच्या, दवाखाना दर्यापूरला. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. डाव्या पायानं क्लच दाबणं शक्य नव्हतं म्हणून त्यांनी मुंबईहून एक जुनी परदेशी बनावटीची ऑटोमॅटिक गाडी आणवली होती. तिच्यात बसून त्या दर्यापूरच्या आजूबाजूच्या खेड्यांत जायच्या. बोलावलं तर जायच्याच, न बोलावताही जायच्या. अमुक गावात एक माणूस दोन दिवस झाले कोणाशी बोलत नाही, जेवत नाही, नुसता आढ्याकडे बघत बसलाय, असं कानावर आलं की बाई गाडी काढायच्या. त्या वर्षांत असं बसून राहणं म्हणजे काय, हे तिकडच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गाडी दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना मध्येच लटकत होती. बाईंनी सरळ सांगितलं, "मिस्त्री, घरचे मागे लागलेत की दर्यापूर सोड आणि अमरावतीत दवाखाना टाक. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतलीय. गाडी चालली तर मी तिथं राहीन. प्रवासी जीप फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून गावापर्यंत काळ्या मातीतून मला या पायानं चालता येत नाही. तुम्हाला जमेल ना? अकोल्याला कोणी एक जण करतो म्हणतात—"

"अकोला?" मी म्हणालो. "कशाला तेवढ्या लांब? ऑटोमॅटिक म्हणजे आपलं रोजचं काम."

तोवर मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फक्त बाहेरून बघितला होता. तोही एकदाच, आणि पावसात.

पहिली करामत मी अशी केली. ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला एक केबल जाते. ती ओढलेली असली की आतल्या तेलाचा दाब वाढतो आणि गिअर जोरात पडतो. सैल सोडली की दाब कमी, गिअर मऊ. मी ती सैल सोडली. गाडी अशी मऊ झाली की गिअर कधी बदलला ते कळेना. बाईंना शेजारी बसवून मी फेरी मारून आणली. "बघा मॅडम, पोटातलं पाणी हलणार नाही. अकोल्यात झटके देतात."

बाई खूश. मी त्यांच्याहून खूश. वरूडच्या त्या टाळीवाल्याला मुद्दाम बोलावून मी गाडीत फिरवून आणलं. तो उतरताना म्हणाला, "झोप येते याच्यात." मी ते कौतुक म्हणून घेतलं. माझी ती खोड उस्तादापासूनची.

पाऊस संपता संपता गाडी पुन्हा आली, पण या वेळी दुसऱ्या गाडीला दोर बांधून. गिअरबॉक्सचं तेल लाल असतं. ते काळं झालं होतं आणि त्याला जळक्या भाकरीचा वास येत होता. आतल्या क्लच प्लेटा करपल्या होत्या. ती एका गावाच्या अलीकडे शेताच्या कडेला बंद पडली होती, आणि बाईंना उरलेली वाट एका बैलगाडीत बसून कापावी लागली होती. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. "दिवाळीला दीड महिना आहे," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याची एसटी धरली. बायकोला सांगितलं, एक स्पेअर पार्ट बघून येतो.

त्याच्या दुकानात शिरताना मी चेहरा असा केला की जणू सहज जाता जाता आलो. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि मला मिठी मारली. मला मिठी मारणाऱ्या माणसावर जळणं फार जड जातं, पण सवयीनं जमतं.

"बैठ. चाय बोलतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघितलं. "ऑटोमॅटिक फसी है ना तुझ्याकडं?"

"माझ्या एका मित्राकडं," मी म्हणालो.

"हां. तर तुझ्या मित्राले सांग." आणि त्यानं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. लपवलं असतं तर किती बरं झालं असतं. मला निदान त्याला कंजूस म्हणता आलं असतं.

त्यानं बाकावरचा एक ॲल्युमिनियमचा ठोकळा उचलला. आतून तेलाच्या वाटाच वाटा, वारुळासारख्या. गिअर कधी पाडायचा ते हा ठोकळा तेलाच्या दाबावर ठरवतो. त्याच्यावर बसतो एक भोकं असलेला पातळ पत्रा, आणि क्लचला जाणारं तेल या भोकांतून जातं. "ये छेद थोडा मोठा करायचा. थोडा. लालच नाही करायची. तेल लवकर पोचते, प्लेट लवकर पकडते. एक स्प्रिंग आहे, धक्का गिळून टाकते ती. ती जरा कडक टाकायची. तेल थंड करायले समोर छोटी जाळी. केबल टाइट. बस."

"पण झटका?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "तुझ्या बापाकडं बैल होते ना? जू मानेवर सैल बसलं तर काय होते?"

"खांदा सोलून निघतो."

"घट्ट बसलं तर?"

"नीट ओढतो."

"गिअर मऊ पडते म्हणजे प्लेट घसरत घसरत बसते. घसरते म्हणून जळते. तुझ्या मित्राच्या गिऱ्हाइकाच्या पोटातलं पाणी नाही हललं, पर गिअरबॉक्स का जनाजा निकल गया."

पोटातल्या पाण्याचं त्याला कोणी सांगितलं? मी रागानं दुसरा चहा मागवला.

परत येऊन मी जीव ओतून काम केलं. ते खोटं नाही सांगत. नव्या प्लेटा दिवसभर तेलात भिजत घातल्या. पत्र्याचं भोक मोठं करताना ड्रिलची सर्वात बारीक पायरी घेतली, हात लोभाला चळत होता तरी थांबलो. कडक स्प्रिंग टाकली, पुढं जाळी बसवली. ठोकळा आणि पत्रा धुऊन पुसून बाकावर ठेवले, फक्त जोडायचे बाकी. आणि आली खंडेनवमी.

आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा. पाने, जॅक, व्हाइस, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार, आणि एकदा पूजलेलं हत्यार दसरा उजाडून पूजा उतरेपर्यंत हलवायचं नाही. पान्यांचा एक जुना संच मी दरवर्षी पूजेतून वगळून पेटीत ठेवायचो. देवाला फसवायची ती आमची जुनी सोय होती.

बायको ताट घेऊन आली. अक्षतांचे तांदूळ तिनं सकाळी एकेक निवडून घेतले होते, कारण तुटका दाणा अक्षतांना चालत नाही. तिनं हत्यारांवर अक्षता टाकल्या आणि वळली.

"त्या ठोकळ्यावर टाक," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकाचं सामान पूजेत काहून?"

"टाक ना. दोन चिमटी जास्तच टाक. अकोल्याची नजर आहे त्याच्यावर."

तिनं ताट कमरेला टेकवलं. "अकोल्याहून इथं दिसते त्याले?"

"तुले नाई समजणार. टाक."

तिनं टाकल्या. माझं समाधान होईना म्हणून मीही मूठ भरून घेतली आणि त्या तेलाच्या वाटांवर उधळली. मनात त्याचं नाव घेऊनच उधळली.

तासाभरात बाईंचा फोन. एका गावात निकड होती. दसऱ्याच्या सकाळी गाडी मिळाली तर पाहिजे होती. मी हो म्हणालो. पेटीतले न पूजलेले पाने काढले. पण ठोकळ्यातून हवा मारून कचरा उडवायचा तर कॉम्प्रेसर पाहिजे, आणि कॉम्प्रेसर माझ्याकडे एकच होता, गळ्यात हार घालून बसलेला. त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. देवाला एका वेळी एकदाच फसवावं. मी ठोकळा उलटा करून झटकला, फडक्यानं पुसला, आणि तोंडानं फुंकर मारली. आयुष्यभर ज्या तोंडानं मला फसवलं, त्याच तोंडावर मी भरवसा ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी गाडी सुरू केली. पहिल्यातून दुसरा: टप. टाळी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यातून तिसरा जरासा रेंगाळला, पण नव्या प्लेटा आहेत, बसतील, असं मी बाईंना सांगितलं. त्यांनी मला आपट्याची पानं दिली आणि गेल्या.

आठ दिवसांत फोन. तिसरा कधी पडतो, कधी लटकतो, आणि पडतो तेव्हा मागून कोणी ठोकल्यासारखा. मी दर्यापूरला जाऊन केबल ताणली. चार दिवसांनी पुन्हा गेलो, आणखी ताणली. दिवाळी आठवड्यावर आली. तिसऱ्या खेपेला मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा बाई काठी टेकून उभ्या होत्या.

"चला," त्या म्हणाल्या. "अकोल्याला."

"मॅडम, अजून एकदा—"

"बसा मिस्त्री."

मी बाजूला बसलो. मूर्तिजापूरपर्यंत गाडी तिसऱ्यात गेलीच नाही म्हटलं तरी चालेल. इंजिन ओरडत होतं आणि मी सीट घट्ट धरून बसलो होतो, जणू माझ्या धरण्यानं प्लेटा धरतील.

"एक विचारू?" बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "याआधी किती ऑटोमॅटिक उघडल्यात तुम्ही?"

"ही धरून?"

"ही धरून."

"एक."

बाईंनी समोरची बैलगाडी ओलांडली आणि मग म्हणाल्या, "माझे पेशंटही असंच सांगतात. विचारल्यावर."

अकोल्यात त्यानं बाईंना सावलीत खुर्ची दिली. गाडी वर घेतली, तेल काढलं, ठोकळा खाली उतरवला आणि बाकावर फडकं अंथरून त्यावर पत्रा सोडवला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. तिसऱ्या गिअरच्या क्लचला तेल नेणाऱ्या त्या भोकात, मी मोठ्या निगुतीनं पाडलेल्या भोकात, काहीतरी उभं अडकलं होतं. त्यानं चिमट्यानं ते काढलं आणि तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. पिवळा, अखंड, आणि गरम तेलात राहून छान खरपूस झालेला. तुटका असता तर भोकातून केव्हाच निघून गेला असता.

त्यानं दाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उस्तादाच्या दुकानात माझी चूक पकडली की तो असाच बघायचा, बोलायचा नाही.

"काय सापडलं?" बाईंनी खुर्चीतून विचारलं.

त्यानं मूठ मिटली. "कचरा, मॅडम. तेलात येते कधी कधी." मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "शादी किसकी थी अंदर?"

जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण पायाखाली फरशी होती.

मग त्यानं पत्रा उचलून उजेडात धरला. एकेक ड्रिल भोकात घालून माप बघितलं. स्प्रिंग काढली, दाबली, पुन्हा ठेवली. जाळीच्या पायपांचे जोड बोटानं चाचपले. मी खरोखर देवाची प्रार्थना केली की याला काहीतरी चूक सापडू दे. एखादी तरी. म्हणजे मला म्हणता आलं असतं की काम अवघड होतं.

"छेद तूनेच मारला?"

"हो."

"मी असतो तर एवढाच मारला असता." त्यानं पत्रा धुतला, कॉम्प्रेसरनं हवा मारली आणि आहे तसा परत बसवला. माझी ताणून ताणून ठेवलेली केबल मात्र सैल करून जागेवर आणली. "कुछ नहीं बदला मैंने. काम तेरा है."

इतक्या वर्षांत मला त्याच्याकडून मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि ती एका तांदळाच्या दाण्याबरोबर मिळाली. दाणा त्यानं कागदात गुंडाळून माझ्या खिशात टाकला. बाईंना दिसला नाही.

परतीच्या वाटेवर गाडी बडबड न करता चालली. पहिला, टप. दुसरा, टप. तिसरा, टप. मूर्तिजापूर मागे पडल्यावर मला राहवलं नाही. माझ्या हातालाच जबान असेल तर मी काय करणार? मी खिशातून पुडी काढली आणि सगळं सांगितलं, अक्षता, नजर, हारातला कॉम्प्रेसर, सगळं. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

"पुढच्या दसऱ्याला," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "गाडी मी अकोल्यात ठेवीन."

त्या दिवाळीला बाई घरी गेल्या आणि भाऊबीज आटोपून दर्यापूरला परत आल्या. पुढची कितीतरी वर्षं त्या गाडीनं दर्यापूरच्या भोवतालची काळी माती तुडवली. गिअरबॉक्स पुन्हा खोलावा लागला नाही. अमरावतीला आल्या की माझ्या गॅरेजसमोरूनच जातात आणि नेमक्या तिथंच ॲक्सिलरेटर दाबतात. तिसरा गिअर टप्पकन पडतो, बाकावरची माणसं माना वर करतात.

"अकोल्याच्या मिस्त्रीचं काम हाय ते," कोणीतरी म्हणतो. "त्याच्याकडं नेली तवाच ठीक झाली."

त्याच्या दुकानात कोणी या गाडीचं नाव काढलं की तो दर वेळी सांगतो, "ते काम माझं नाही, अमरावतीवाल्याचं आहे, मी नुसता कचरा काढला." मला ते येणारे जाणारे येऊन सांगतात. लोक म्हणतात, पाहा, किती मोठ्या मनाचा माणूस, दुसऱ्याले नाव देते. त्याच्याकडची गर्दी त्यामुळं आणखीच वाढली.

मीही तेच सांगतो, अक्षरशः तेच. काम माझं आहे, त्यानं नुसता कचरा काढला.

लोक म्हणतात, पाहा, कसा जळून राहिला.